मिस्त्रींचा हशा

मिस्त्रींनी विनोद सोडायचं ठरवलं तेव्हा त्यांची अर्धी दाढी झाली होती. उजव्या गालावर अजून फेस होता. "बास झालं आता," असं ते आरशातल्या माणसाला म्हणाले आणि मग उरलेली दाढी नीट पूर्ण केली, कारण काम अर्धवट टाकून उठायची त्यांना सवय नव्हती. स्वयंपाकघरातून बायको काहीतरी बोलत होती. ती रोजच बोलायची. मिस्त्रींचं तिकडे लक्ष नव्हतं. तेही रोजचंच.

येत्या रविवारी शेवटचं उभं राहायचं, दोन शब्दांत निरोप घ्यायचा आणि खाली उतरायचं, एवढं त्यांनी मनाशी पक्कं केलं. ठरवल्यावर हलकं वाटेल अशी त्यांची कल्पना होती. तसं काही वाटलं नाही. पडलेल्या दाताच्या जागी जीभ जशी पुन्हा पुन्हा जाते, तसं त्यांचं मन एकाच गोष्टीपाशी जाऊन येत होतं. लोक हसत नाहीत.

मिस्त्री दारं-खिडक्या बनवायच्या कारखान्यात कामाला होते. त्यांना नाव होतं, पण ते फक्त सही करताना लागायचं. कारखान्यात ते मिस्त्री, गल्लीत मिस्त्री, आणि बायकोही शेजारणीपाशी "आमचे मिस्त्री" असंच म्हणायची. रविवारी संध्याकाळी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये घडीच्या खुर्च्या मांडून माणसं जमायची आणि ज्याला जे येतं ते तो उभं राहून करून दाखवायचा. तिथे लोकांना हसवायचं काम मिस्त्रींकडे होतं. हॉलमधला लाकडी मंचही त्यांनीच बांधून दिला होता. "वर काय होईल ते माझ्या हातात नाही," ते म्हणायचे, "पण पायाखालची फळी तरी कुरकुरणार नाही."

विनोदाकडे ते आडवाटेने आले. कारखान्यातला एक जुना कारागीर निवृत्त झाला तेव्हा मालकांनी मिस्त्रींना दोन शब्द बोलायला उभं केलं. त्या कारागिराने जन्मभर दारं बनवली होती आणि स्वतःच्या घरात मात्र खोलीच्या आत बसून इतकं मोठं कपाट केलं होतं की ते कधीच त्या दारातून बाहेर येऊ शकलं नाही. पुढे घर बदलायची वेळ आली, तर सगळ्यांनी मिळून ठरवलं की कपाट इथेच राहणार, तेव्हा आपणही राहू. मिस्त्रींनी हे अगदी गंभीर चेहऱ्याने सांगितलं. त्यांना ते विनोदी वाटतही नव्हतं, ते खरंच घडलं होतं. खाली बसले तेव्हा मालक डोळे पुसत होते आणि निवृत्त होणारा कारागीर खुर्चीवरून घसरत होता. मिस्त्रींच्या अंगावर जो काटा आला तो लग्नातही आला नव्हता. हे ते बायकोसमोर सांगत नसत.

मग छंदच लागला. सुचलेली गोष्ट ते कानावरची जाड पेन्सिल काढून प्लायच्या तुकड्यावर लिहून ठेवत. आणि कारखान्यात ती आधी पॉलिशवाल्याला ऐकवत, तीही रंधा मशीन चालू असताना. तो त्यांचा नेमच होता. रंध्याचं मशीन चालू झालं की शेजारच्या माणसाचा आवाज तोंडातून निघून तिथेच पडायचा. मिस्त्री मशीनच्या वरताण ओरडून विनोद सांगायचे. "एवढ्या आवाजातून जो पोचला, तो हॉलमध्ये चालत जाईल," असा त्यांचा हिशेब. पॉलिशवाला हसला की नाही हे ऐकू येणं शक्यच नव्हतं. त्याचे खांदे हलले की मिस्त्री समजून घ्यायचे. मालकांनी सगळ्यांना कानावर लावायच्या टोप्या आणून दिल्या होत्या. मिस्त्रींची टोपी खिळ्याला लटकलेली असायची, आणि तिच्यावर भुशाचा थर बसला होता. टोपी लावलेल्या माणसाला विनोद सांगता येत नाही, हे त्यांचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं.

जे विनोद हॉलमध्ये पडत, त्यांचे प्लायचे तुकडे लाकूड चिकटवायचा सरस गरम करायच्या शेगडीत जात. "निदान सरस तरी वितळेल," मिस्त्री म्हणत. पूर्वी महिन्याकाठी एखादा तुकडा जाई. गेल्या वर्षभरात शेगडीला दुसरं जळण लागलं नव्हतं.

हसू एकदम गेलं नाही, हेच वाईट होतं. आधी बायकांचं गेलं. मागच्या रांगांमधून पूर्वी जो एक किणकिणता आवाज उठायचा, तो येईनासा झाला. मिस्त्रींनी विचार केला, बायका हसत नाहीत म्हणजे आपलंच काहीतरी चुकतंय. म्हणून त्यांनी बायकोवरचे सगळे विनोद काढले, मग मेहुणीवरचे, मग शेजारणीचे. मग मुलं हसायची थांबली. मिस्त्री म्हणाले, मुलांचे दिवस बदलले. त्यांनी शाळेचा विनोदही जाळला. हॉलमध्ये नवे पंखे बसले होते. त्यांच्या घरघरीने कार्यक्रमाचा रंग जातो असं त्यांना वाटू लागलं, आणि त्यांनी वाचनालयाच्या माणसाला शिडीवर चढवून पंख्यांना तेल घालायला लावलं. घरघर कमी झाली नाही.

मग मागे बसणाऱ्या पुरुषांचंही गेलं, आणि शेवटी पहिल्या रांगेत बसणारा बेकरीवाला तेवढा राहिला. त्याचं हसू पोटातून यायचं, रिकामं पिंप गडगडत गेल्यासारखं. तेवढं एक मिस्त्रींना स्पष्ट ऐकू यायचं. बुडणाऱ्याने दोर धरावा तसं त्यांनी ते हसू धरलं. बेकरीवाल्याला काय आवडेल, याच एका विचाराने ते विनोद रचू लागले. पावावर विनोद, भट्टीवर विनोद, पीठ फुगण्यावर आणि न फुगण्यावर विनोद. बाकी लोक चकित झाले असणार. लाकडातला माणूस एकाएकी पावात का शिरला, हे कोणालाच कळेना. आणि मग बेकरीवाला काही दिवस लेकीकडे राहायला गेला. काल रविवारी त्याची खुर्ची रिकामी होती आणि मिस्त्री रिकाम्या खुर्चीला खमिराचा विनोद सांगत होते. सगळा हॉल गप्प. पुढच्या रांगेत एका गृहस्थाचं तोंड उघडं दिसलं, ती त्यांनी जांभई धरली. मग त्यांनी वेग वाढवला, एकावर एक विनोद टाकत गेले, वेळेच्या आधीच संपवलं आणि मागच्या जिन्याने उतरले.

जिन्यात कंडक्टरबाईंनी गाठलं. या बाई शहराच्या बसमध्ये तिकिटं फाडायच्या आणि रविवारी मिस्त्रींच्या आधी मंचावर उभ्या राहायच्या. त्यांचे विनोद सगळे उतारूंवर.

"मिस्त्री, तुम्ही आज माझ्या हातून मार खाणार," त्या म्हणाल्या. जिन्यात, तोंडासमोर, मोठ्याने बोलल्या म्हणून ऐकू आलं. "लोकांना हसू द्या की! हसायला लागले की तुम्ही पुढचं वाक्य टाकता. मग बिचारे गप्प बसतात, तुमचं ऐकायला."

"बाई, माझी समजूत काढू नका. मी काय लहान आहे?"

"समजूत? मी? रोज सुट्ट्या पैशांवरून माणसांना बसमधून उतरवते मी." त्यांनी कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग मिस्त्रींच्या फोनवर पाठवलं. "घरी जाऊन ऐका. मग बोला."

तर तो सोमवार. कारखान्याला सुट्टी होती, आणि बायकोच्या इस्त्रीच्या दुकानालाही. तिचं दुकान रविवारी उशिरापर्यंत चालायचं, कारण सगळ्या गावाला सोमवारचे कपडे रविवारी संध्याकाळीच आठवतात. म्हणून वर्ष-दीड वर्ष तिला हॉलमध्ये जायला जमलं नव्हतं. "घरी फुकट मिळतंय ते खुर्चीवर बसून कशाला ऐकू?" असं ती वरवर म्हणायची.

मिस्त्री दाढी करून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले आणि फोनचा आवाज पूर्ण वाढवून रेकॉर्डिंग लावलं. त्यांना स्वतःचा आवाज ऐकू आला, घाईघाईचा, जरा केविलवाणा. विनोद संपायचा आणि मागून नुसती खरखर यायची, नळ सोडल्यासारखी. मग पुन्हा त्यांचा आवाज. पुन्हा खरखर. कंडक्टरबाईंचा फोनही जुनाच दिसतोय, असं त्यांना वाटलं. संपलं की त्यांनी परत पहिल्यापासून लावलं. मेलेल्या माणसाच्या छातीला पुन्हा पुन्हा कान लावावा तसं ते ऐकत होते.

बायको ओट्याशी उभी होती. हातात डाव. ती वळली आणि तिने टेबलावर डाव आपटला. तेव्हा मिस्त्रींनी मान वर केली.

"कितीदा सांगू? बंद करा तो गोंधळ! डोकं उठलं माझं सकाळी सकाळी."

"मी काही मोठ्याने बोलत नव्हतो त्यात."

"तुम्ही नाही हो, ती माणसं! खिंकाळतायत नुसती. एक बाई तर अशी हसतेय की तिला कोणीतरी पाणी द्या."

मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं. "कोण हसतंय?"

"काय?"

"कोण हसतंय, म्हणतो मी. ही खरखर आहे. फोनची."

बायकोने आधी फोनकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. मस्करी करतोय का, हे तिने त्यांच्या चेहऱ्यावर शोधलं. इतक्या वर्षांच्या संसारात मस्करी करतानाचा त्यांचा चेहरा तिला पाठ होता. तो गंभीर असायचा. हा चेहरा गंभीर नव्हता. घाबरलेला होता.

तिने डाव टेबलावरच सोडला. त्यांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली. थोड्या वेळाने समोर आली.

"मी आत्ता काय म्हणाले?"

"कधी?"

"आत्ता. तुमच्या मागे उभी राहून."

"काही म्हणालीस?"

बायको समोरच्या खुर्चीवर बसली. तिच्या चेहऱ्यावरून एकामागून एक बरंच काही गेलं. आधी भीती, मग कीव, आणि मग मिस्त्रींच्या ओळखीचा राग.

"वर्षभर," ती म्हणाली. "वर्षभर मी नळ गळतोय, नळ गळतोय म्हणून ओरडतेय. मला वाटलं, माणूस दगड झाला. माझ्या बहिणीला सांगून मी रडले."

"मग मला डॉक्टरकडे का नाही नेलंस?"

"नवरा ऐकत नाही म्हणून कोणती बाई डॉक्टरकडे जाते हो? रांग लागेल!"

मिस्त्री हसले नाहीत. त्यांचं लक्ष अजून फोनवर होतं. "पण ते खरंच हसतायत? तू माझं मन राखायला म्हणत नाहीस ना? काल कंडक्टरबाईही तसंच म्हणाल्या."

"मी तुमचं मन राखलंय कधी?"

हे बिनतोड होतं. तरी त्यांचा विश्वास बसेना. तेव्हा बायकोने टेबलावरचा डाव उचलला. "लावा परत. हसले की मी हा वर करीन. थांबले की खाली. बघत राहा."

त्यांनी लावलं. आपला आवाज ऐकू आला, वाचनालयातल्या शिडीचा विनोद. मग खरखर सुरू झाली आणि डाव वर गेला. वरच राहिला. मिस्त्रींचा आवाज पुढचं वाक्य बोलला तसा डाव झटकन खाली आला. "बघितलंत? गप्प केलंत त्यांना." पुन्हा खरखर, पुन्हा डाव वर. स्टीलच्या डावावर खिडकीतलं ऊन पडलं होतं. तो वर जायचा, थरथरायचा, खाली यायचा, आणि मिस्त्री त्याच्याकडे टक लावून पाहत होते. एका वर्षाचं हसू त्यांना असं डोळ्यांनी दिसत होतं. खमिराच्या विनोदाला डाव वर गेलाच नाही. "याला कोणी नाही," बायको म्हणाली, "हा वाईटच आहे." पण त्यानंतर तो इतका वेळ वर राहिला की मिस्त्रींनी विचारलं, "हात दुखला का?" बायको मान हलवत होती. तिला बोलता येत नव्हतं. डाव वर धरून ती स्वतःच हसत होती, खांदे गदगदत होते, आणि मिस्त्रींना आता तेही स्पष्ट दिसत होतं.

त्यांनी डोळे पुसले. कांदा कापलेला नव्हता, त्यामुळे कारण देता आलं नाही.

कानाच्या डॉक्टर एक तरुण, शांत, काटेकोर बाई होत्या. त्यांनी मिस्त्रींना फोनबूथसारख्या एका खोक्यात बसवलं, कानावर हेडफोन चढवला आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. मिस्त्री वाट पाहत बसले. एक जाड भोंगा ऐकू आला, त्यांनी दाबलं. मग बराच वेळ शांतता. काचेपलीकडे डॉक्टर काहीतरी फिरवत होत्या, मेहनत घेत होत्या. मिस्त्रींना वाईट वाटलं. मंचावर उभ्या राहिलेल्या माणसाला खालून काहीच मिळालं नाही तर काय होतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? त्यांनी बटण दाबलं. मग थोड्या थोड्या वेळाने दाबत राहिले.

डॉक्टरांनी दार उघडलं. "तुम्ही आवाज नसतानाही दाबताय."

"तुम्ही एवढं करताय, तर मला बरं दिसेना."

"बरं दिसावं म्हणून नाही, काय ऐकू येतं ते कळावं म्हणून करायचंय हे."

दुसऱ्यांदा त्यांनी प्रामाणिकपणे केलं. मग डॉक्टरांनी एक आलेख समोर ठेवला. रेघ आधी सरळ जात होती आणि मग जिन्यावरून घसरल्यासारखी खाली आली होती. "जाड आवाज बरेचसे शाबूत आहेत," त्या म्हणाल्या. "बारीक, उंच आवाज गेलेत. मशीनजवळ काम करणाऱ्यांचं असं होतं. बायकांचे आवाज, लहान मुलांचे, शिट्टी, पाखरं. ते आधी जातात."

"आणि बेकरीवाला राहतो."

"कोण?"

"काही नाही. बोला तुम्ही."

"हे परत येत नाही. यंत्र लावून पुष्कळसं ऐकू येईल, सगळं नाही. आणि मशीनपाशी यापुढे टोपी लावायचीच." त्या थांबल्या. "तुम्ही हसताय का?"

मिस्त्री खरंच हसत होते, तोंडावर हात धरून, देवळात हसू आल्यासारखे. "डॉक्टर, मला वाटलं होतं माझा विनोद गेला. गेलेत नुसते कान!"

"कान गेले ही चांगली बातमी नाहीये."

"तुम्हाला नसेल. विनोद गेला असता तर त्याला यंत्र मिळतं का?"

बाहेर बाकावर बायको बसली होती. नवरा दारातून दोन्ही हात वर करून येतोय हे पाहून शेजारच्या आजीबाईंनी तिला विचारलं, "काही नाही ना निघालं?" बायको म्हणाली, "निघालं. म्हणून तर."

यंत्र मिळालं त्या दिवशी घरी जाताना मिस्त्री दर दहा पावलांवर थांबत होते. त्यांच्या सदऱ्याचा आवाज येत होता. बुटांचा येत होता. पिशवीतला कागद एवढा बोलतो हे ते विसरले होते. घरात शिरले आणि नळाची टिपटिप ऐकू आली, तशी त्यांनी पिशवीही खाली न ठेवता पाना काढला आणि आधी तो नळ दुरुस्त केला. बायको दारात उभी राहून बघत होती.

"म्हणजे वर्षभर मी रागावले ते सगळं फुकट गेलं," ती म्हणाली. "तुम्हाला ऐकूच येत नव्हतं."

"नव्हतं."

"आणि त्याआधीची वर्षं?"

मिस्त्रींनी पान्याकडे पाहिलं. "त्याआधी ऐकू येत होतं."

तो पाना बायकोने हातातून काढून घेतला, पण मारला नाही.

रविवार जवळ आला तसा मात्र त्यांचा आनंद जरा ओसरला. शनिवारी ते मुद्दाम कंडक्टरबाईंच्या बसमध्ये चढले. सगळी हकीकत त्यांना आधीच कळली होती. तिकीट फाडता फाडता त्या म्हणाल्या, "मी घसा फोडून सांगत होते, हसू तुडवू नका, हसू तुडवू नका!"

"फोडला असेल. मला ऐकू आला नाही."

"आणि चांगले विनोद जाळलेत म्हणे? कपाटाचाही?"

"तोही गेला शेगडीत. बायका हसेनात म्हणून."

"अहो, माझ्या शेजारची सगळी रांग त्याला डोळे पुसायची! पाठ आहे मला तो." आणि त्यांनी भर बसमध्ये, पुढे सरका पुढे सरका म्हणत, कपाटाचा विनोद तोंडपाठ म्हणून दाखवला. दोन उतारू हसले. एकाचा थांबा हुकला आणि तो रागावला.

मिस्त्री खांबाला धरून उभे होते. थोड्या वेळाने म्हणाले, "बाई, मला भीती वाटतेय."

"आता कशाची?"

"इतके दिवस लोक हसत नाहीत असं वाटत होतं. मग कळलं, हसत होते. बरं वाटलं. पण उद्या यंत्र लावून उभा राहणार. उद्या जर हसले नाहीत, तर ते खरंच हसले नाहीत. मग कानांवर ढकलता येणार नाही, पंख्यावर येणार नाही."

कंडक्टरबाईंनी घंटीची दोरी ओढली. "मग यंत्र खिशात ठेवा आणि पावावर बोला."

"नको."

"मग उतरा. तुमचा थांबा आला."

रविवारी बायकोने दुकान लवकर बंद केलं. "सोमवारी चुरगळलेल्या कपड्यांनी कोणी मेलेलं नाही," असं म्हणून ती निघाली. हॉलमध्ये मागे कुठेतरी बसते म्हणाली. मंचावर दिवा डोळ्यांवर येत असल्यामुळे ती कुठे बसली ते मिस्त्रींना दिसलं नाही. पहिली रांग तेवढी दिसत होती. बेकरीवाला परत आला होता आणि पोटावर हात ठेवून तयारीत बसला होता. मिस्त्रींनी त्याला मान लवून नमस्कार केला आणि नजर त्याच्या डोक्यावरून पलीकडे नेली.

गप्प हॉल एवढा गजबजलेला असतो याची त्यांना कल्पना नव्हती. खुर्ची करकरत होती. कोणीतरी गोळीचा कागद सोडत होतं, अगदी सावकाश, म्हणजे आवाज होऊ नये म्हणून जास्त आवाज करत. त्यांनी सुरुवात केली ती बायकोच्या वाक्यावरून. नवरा ऐकत नाही म्हणून कोणती बाई डॉक्टरकडे जाते, रांग लागेल.

हसू आलं ते पत्र्याच्या डब्यात खिळे ओतल्यासारखं आलं. यंत्रातून ते तसंच यायचं होतं, डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण त्यात वरचा किणकिणता आवाज होता, मुलांचा चिरका होता, खाली बेकरीवाल्याचं पिंप होतं. मिस्त्री तिथेच उभे राहिले. पुढचं वाक्य डोक्यातून साफ गेलं. ते नुसते ऐकत होते, पाऊल पाण्यात बुडवून बसलेल्या माणसासारखे. हसू संपलं तरी ते उभेच.

"मिस्त्री, पुढे सरका!" बाजूने कंडक्टरबाई ओरडल्या, आणि लोक पुन्हा हसले.

मग जमत गेलं. बटण दाबण्याचा विनोद जमला, पंख्यांना घातलेल्या तेलाचा जमला. तेव्हा वाचनालयाचा माणूस उठून उभा राहिला आणि त्याने आपल्या सदऱ्यावरचा डाग लोकांना दाखवला. मिस्त्री थांबत होते. हसू चढतंय, टोकाला पोचतंय, उतरतंय, आणि अगदी संपायच्या जरा आधी पुढचं वाक्य ठेवायचं, हे त्यांच्या अंगात होतं. ते गेलं नव्हतं. हाताला रंधा पुन्हा मिळाल्यासारखं ते काम करत होते.

शेवटी त्यांनी आठवडाभर घासलेला नवा विनोद काढला. एका फळीत खिळा आणि स्क्रू शेजारी राहायला येतात. खिळा म्हणतो, मी एका फटक्यात आलो. स्क्रू म्हणतो, मी विचार करत करत आलो. मिस्त्रींना तो आपला सगळ्यात चांगला विनोद वाटत होता. पॉलिशवाल्याला तर फारच आवडला होता, शंका तिथेच यायला हवी होती.

कोणी हसलं नाही.

खाली वाचनालयात कोणीतरी टेबल ओढलं. एक माणूस खोकला. गोळीचा कागद वाजला. मिस्त्रींनी ही शांतता पूर्ण ऐकली. वर्षभर जी त्यांना छळत होती ती अशी नव्हती. तिच्यात काहीच नव्हतं, तिचा तळ लागत नव्हता. हिच्यात माणसं होती. त्यांनी नीट ऐकलं होतं आणि त्यांना आवडलं नव्हतं. छातीवरून कोणीतरी जड फळी उचलून नेल्यासारखं मिस्त्रींना वाटलं.

"नाही आवडला?" त्यांनी विचारलं.

"नाही!" मागून, अगदी शेवटच्या रांगेतून, एक बारीक, उंच आवाज आला. "घरीसुद्धा नव्हता आवडला! तेव्हाच सांगत होते!"

दिवा डोळ्यांवर होता, काही दिसत नव्हतं. पण तो आवाज कोणाचा हे त्यांना दिसायची गरज पडली नाही. हॉलमध्ये हसू फुटलं, आधी मागच्या रांगांमधून, बायकांचं, आणि मग पुढे पुढे येत सगळ्यांचं. मिस्त्रींकडे द्यायला उत्तर तयार होतं, चांगलं होतं, जिभेवर आलं होतं. त्यांनी ते दिलं नाही. हात मागे बांधून ते आपल्या फळीवर उभे राहिले आणि ते हसू जेवढं चालायचं तेवढं त्यांनी चालू दिलं.